भाड्याच्या खोलीतली ओल आणि कुबट वास: आधी पाण्याची वाट शोधा

पाऊस लागून पंधरा-वीस दिवस झाले की मुंबई-ठाण्यापासून चिपळूण-रत्नागिरीपर्यंत भाड्याच्या खोल्यांतून एकच रडगाणं सुरू होतं. दार उघडलं की कुबट वास, कपाटातले कपडे सादळलेले, चपलांवर पांढरी बुरशी. मग उदबत्ती, डांबरगोळ्या, रूम फ्रेशनर, आणि शेवटी घरमालकाने घाईघाईत मारून दिलेला रंगाचा एक हात. पुढच्या जुलैत पुन्हा तेच.

वास बुरशीचा असतो, बुरशी ओलीवर वाढते आणि ओल कुठून तरी येत असते. तिच्या वाटा मोजक्याच आहेत: खोलीतली दमट हवा, एसी, नळाचा किंवा सांडपाण्याचा पाइप, बाहेरचा पाऊस आणि खालची जमीन. मोरीतून येणारा वास हा वेगळाच प्रकार. तो ओलीचा नसतो, पण बहुतेक लोक त्यालाही ओलच समजतात. यातली तुमच्याकडे कुठली वाट चालू आहे हे ठरेपर्यंत काहीही विकत घेऊ नका.

लक्षणं

- बंद खोली उघडली की कुबट वास, पंखा लावून अर्ध्या तासात कमी होतो: हवेतला दमटपणा, किंवा गादी-कपाटातली बुरशी.
- एसी सुरू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटंच वास: एसीची कॉइल आणि पाण्याचा ट्रे.
- गटारासारखा वास, विशेषतः बरेच दिवस गावाला राहून आल्यावर: मोरीची जाळी किंवा बेसिनचा पाइप.
- कोपऱ्यात, छताच्या कडेला, कपाटामागे काळे-हिरवट ठिपके, पण ठळक कड असलेला डाग नाही: हवेतलं पाणी गार भिंतीवर जमतंय.
- पिवळसर-तपकिरी कड असलेला, नकाशासारखा डाग: पाणी भिंतीच्या किंवा स्लॅबच्या आतून येतंय. एकात एक अशा कडा दिसल्या तर ते वाळून पुन्हा पुन्हा येतंय.
- जोराच्या सरीनंतर काही तासांनी खिडकीखाली किंवा बीमच्या खालच्या रेषेत ओल: बाहेरची भिंत.
- जमिनीपासून गुडघा ते कमरेपर्यंत पोपडे, बोट फिरवलं की पांढरी भुकटी: लोणा, म्हणजे जमिनीतून चढणारी क्षारांची ओल. तळमजल्याचं दुखणं.
- एप्रिल-मेमध्येही भिंत ओली: पावसाचा संबंध नाही, नळ बघा.

शेवटची ओळ सगळ्यात जास्त पैसे वाचवते. ओल कधी वाढते आणि कधी कमी होते, हे कुठे दिसते याच्याइतकंच महत्त्वाचं आहे. म्हणून पहिल्याच दिवशी डागाच्या कडेकडेने पेन्सिलची बारीक रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा आणि पट्टी किंवा नाणं शेजारी धरून फोटो काढा. दर रविवारी आणि प्रत्येक मोठ्या सरीनंतर पुन्हा बघा, डाग रेघेबाहेर गेला असेल तर नवी रेघ ओढा. दोन-तीन आठवड्यांत भिंतच सांगते की पाणी पावसाचं आहे की वापराचं. पुढे घरमालकाशी बोलतानाही तारखांचे फोटोच उपयोगी पडतात, ‘खूप ओल आहे हो’ हे वाक्य नाही.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

*वास नेमका कुठे आहे.* खिडक्या, पंखा, एसी चार तास बंद ठेवा आणि बाहेर जाऊन या. बाहेरून आलेलं नाक पहिली दोन-तीन मिनिटंच खरं सांगतं, नंतर सवय होते. लगेच एकेक जागा हुंगा: गादीची खालची बाजू, कपाटाची मागची फळी, सिंकखालचं कपाट, चपलांचा रॅक, मोरीची जाळी, एसीची जाळी. ‘सगळ्या खोलीलाच वास आहे’ असं वाटणाऱ्या बऱ्याच खोल्यांत तो एकाच गादीचा किंवा एकाच प्लायच्या फळीचा निघतो.

*मोरी.* जमिनीतल्या जाळीखाली न्हाणी ट्रॅप असतो आणि त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साठून राहतं. गटारातली हवा आत न येण्याचं कारण तेवढंच. न वापरलेल्या मोरीतलं हे पाणी उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत उडून जातं. दोन तांबे पाणी ओता, दहा मिनिटं थांबा. वास गेला तर निदान झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला तर ट्रॅपच्या आतली वाटी निघाली असेल किंवा ट्रॅप तडकला असेल. बेसिनचा किंवा वॉशिंग मशीनचा पाइप जमिनीतल्या भोकात नुसता सोडलेला असतो तिथे पाइपाभोवतीची फट तपासा. हार्डवेअरच्या दुकानात त्या मापाचं रबरी बूच मिळतं, किंमत चहा-नाश्त्याएवढी.

*खडे मीठ.* बशीत दोन चमचे खडे मीठ घेऊन ते कपाटाच्या खालच्या खणात रात्रभर ठेवा. मीठ साधारण ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढतं. सकाळी बशीत पाणी सुटलेलं दिसलं तर तिथली हवा बुरशीला हवी तशीच आहे. हा फक्त मापाचा प्रयोग आहे. मीठ ठेवून ओल जाते असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, कारण हवा कोरडी झाली की तेच मीठ पाणी परत सोडतं. नेमका आकडा हवा असेल तर आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ तीनशे-पाचशे रुपयांत येतं. खोली ६० टक्क्यांखाली ठेवता आली तर उत्तम. मुंबईच्या जुलैत एसीशिवाय ते जमत नाही, तेव्हा ७० हे व्यवहारी लक्ष्य धरा. भिंतीलगतची हवा ८० च्या वर सतत राहिली तर बुरशी धरणारच.

*फॉइल.* सगळ्यात निर्णायक चाचणी हीच. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा फूटभर चौकोन घ्या, ओलीच्या जागेवरचे सुटे पोपडे खरवडून भिंत कोरड्या फडक्याने पुसा, आणि फॉइलच्या चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करा. कडेला एक बोटभर फट राहिली तरी चाचणी बाद, कारण खोलीतली हवा मागे शिरते. ४८ तासांनी बघा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव आणि मागे कोरडं असेल तर पाणी हवेतलं आहे, म्हणजे इलाज तुमच्या हातात आहे. मागची बाजू ओली आणि समोरची कोरडी असेल तर पाणी भिंतीतून येतंय. मग सवयी बदलून फारसं काही होणार नाही. दोन्हीकडे ओलं असलं तर दोन्ही कारणं आहेत. आधी भिंतीचं बघा.

पाणी हवेतलं असेल तर

हे पाणी येतं कुठून? बरंचसं आपणच घालतो. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळताना दीड किलोपेक्षा जास्त पाण्याची वाफ तयार होते. डाळ-भाताची वाफ वेगळी. मशीनमधून पिळून काढलेल्या एका खेपेच्या कपड्यांत दोन लिटरच्या आसपास पाणी उरलेलं असतं, आणि ते खोलीतल्या दोरीवर वाळतं तेव्हा तेवढंच हवेत जातं. झोपलेला माणूस श्वासातून आणि घामातून रात्रभरात पाव ते अर्धा लिटर सोडतो. एका खोलीत तिघं राहत असतील आणि कपडेही आतच वाळत असतील, तर भिंतींना दोष देण्यात अर्थ नाही.

ही वाफ गार पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर २६ अंशांच्या भिंतीवर दव धरतं. मुंबईत २६ अंशांची भिंत कुठे असते? शेजाऱ्याच्या एसी खोलीला लागून. त्याच्याकडे रात्रभर १८-२० वर एसी चालतो आणि सामाईक भिंतीला घाम तुमच्या बाजूने फुटतो. अशी भिंत प्लंबरला दाखवून लोक पाइप शोधण्यासाठी टाइल्स फोडून बसतात. म्हणून फॉइल आधी.

करायचं काय: कपडे गॅलरीत पावसाळी पत्र्याखाली किंवा मोरीत दार लावून एक्झॉस्टखाली वाळवा. आंघोळीनंतर एक्झॉस्ट वीस मिनिटं चालू ठेवा आणि मोरीची फरशी वायपरने ओढा. स्वयंपाक करताना झाकण ठेवा आणि खिडकी उघडी. खिडक्या नेहमी उघड्या ठेवा असं सरसकट सांगतात, ते अर्धंच खरं. एसी नसलेल्या खोलीत समोरासमोर खिडकी-दार उघडून पंखा लावला तर आतली वाफ बाहेर जाते, पाऊस चालू असला तरी. पण रात्रभर एसी चालवून सकाळी लगेच खिडकी उघडली तर बाहेरची दमट हवा गार कपाटावर, आरशावर, भिंतीवर बसते. एसी बंद केल्यावर अर्धा तास पंखा चालू ठेवा, भिंती थोड्या तापू द्या, मग उघडा. पुणे-नाशिककडे पावसाची उघडीप मिळते. तिथे दुपारी बारा ते चार या वेळेत खोली उघडी ठेवणं सगळ्यात फायद्याचं.

फर्निचर हलवायला पैसे लागत नाहीत, फक्त पाठ लागते. कपाट आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून तीन इंच पुढे ओढा. कपाटाच्या पाठीमागे हवा फिरत नाही, भिंत गार राहते आणि प्लायची कच्ची पाठ पाणी पिते. गादी थेट फरशीवर, खाली प्लास्टिकची चटई, ही भाड्याच्या खोलीतली नेहमीची मांडणी बुरशीसाठी आदर्श आहे: वरून अंगाची ऊब आणि घाम, खाली गार फरशी, मध्ये प्लास्टिक. गादी फळ्यांच्या खाटेवर किंवा लाकडी पॅलेटवर घ्या. तेही नसेल तर रोज सकाळी भिंतीला टेकवून उभी करा आणि पंखा सोडा. कपाट दोन-तृतीयांशच भरा. कपड्यांखाली रद्दी पेपर घालत असाल तर दर आठवड्याला बदला, कारण ओला कागद हे बुरशीचं खाद्य आहे. डांबरगोळ्या कसर दूर ठेवतात, ओल नाही. कपाटात छोटा बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती चालायची ती बल्ब तापायचा म्हणून. एलईडी तापत नाही, आणि जुना बल्ब कपड्यांना टेकला तर आग लागते. सोडून द्या.

एसी

एसीचा वास म्हणजे कॉइल आणि ट्रेमधला शेवाळी चिकटा. जाळ्या दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. बंद करण्याआधी वीस-तीस मिनिटं नुसत्या फॅन मोडवर चालवा. कॉइलवरचं थोडं पाणी परत खोलीत येतं, पण कॉइल कोरडी राहते आणि वास धरत नाही. मग बाहेरचा निचऱ्याचा पाइप बघा. दमट दिवसात दीड टनाच्या एसीतून तासाला एक ते दोन लिटर पाणी पडायला हवं. पाणी पडत नसेल किंवा इनडोअर युनिटखालची भिंत ओली असेल, तर पाइप तुंबलाय किंवा त्याचा उतार उलटा आहे. पाइपाचं बाहेरचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं असतं तिथेही हेच होतं: हवा अडकते आणि पाणी मागे फिरतं. विंडो एसी असेल तर तो मागच्या बाजूला किंचित कललेला हवा. एवढ्याने भागलं नाही तर कॉइल धुण्याची सर्व्हिस करून घ्या. खर्च साधारण पाचशे ते आठशे. पावसाळ्यात रिमोटवरचा ड्राय मोड वापरा, बहुतेकांनी ते बटण कधी दाबलेलंच नसतं.

पाऊस बाहेरून येत असेल तर

आधी खिडकी. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात, साचलेलं पाणी बाहेर जाण्यासाठी. धूळ आणि कबुतरांच्या पिसांनी ती बुजतात, पट्टी भरते आणि पाणी आतल्या भिंतीत उतरतं. दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि टाचणीने साफ करा, मग मगभर पाणी पट्टीत ओतून ते बाहेरूनच जातंय ना ते बघा. खिडकीखालची ओल एवढ्यावर थांबलेली पुष्कळदा दिसते, आणि खर्च शून्य. फ्रेम आणि भिंतीमधलं सिलिकॉन सुटलं असेल तर दीड-दोनशे रुपयांच्या ट्यूबने आतून भरता येतं, पण जागा पूर्ण कोरडी असेल तरच; ओल्या भिंतीवर सिलिकॉन धरत नाही.

यापुढचं बाहेरून बघायचं, तेही जमिनीवरून किंवा समोरच्या जिन्यातून. छज्जावर पाणी साचतंय का, वर कुंड्या आहेत का, पाइपाच्या सांध्यात पिंपळ किंवा उंबर उगवलाय का, काँक्रीटचा बीम आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथे आडवी चीर आहे का. कोकण किनारपट्टीवर पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत आधी तपासा. बाहेरच्या चिरेचा इलाज आतून होत नाही. आतून वॉटरप्रूफ रंग मारला तर पाणी रंगाच्या मागे साठतं आणि दोन महिन्यांत फुगा येऊन पोपडा पडतो. शेवटचा मजला असेल तर गच्चीवर जाऊन पाणी जायची तोंडं पानांनी तुंबलेली नाहीत ना, एवढं बघा. कोबा आणि चायना मोझाइक (गच्चीवरचे पाणी अडवणारे थर), कठड्याच्या पायथ्याची सिमेंटची गोलाई हे सगळं सोसायटीचं काम.

नळ आणि वरची मोरी

पेन्सिलची रेघ पावसाला दाद देत नसेल तर पाइप. दोन प्रकार वेगळे करायचे. नळाच्या पाइपात सतत दाब असतो, म्हणून तो गळत असेल तर ओल चोवीस तास सारखीच वाढते, कोणी घरी असो वा नसो. सांडपाण्याचा पाइप किंवा मोरीची फरशी गळत असेल तर ओल वापराबरोबर हलते: सकाळच्या आंघोळी आटोपल्या की दुपारपर्यंत डाग गडद, वरचे लोक गावाला गेले की फिका.

स्वतःच्या फ्लॅटचा पाइप तपासायचा तर डक्टमधला किंवा मोरीतला मुख्य व्हॉल्व्ह रात्री बंद करा आणि सकाळी उघडा, असं तीन-चार रात्री. त्याने ओल वाढायची मंदावली तर पाइप तुमचाच. पाणीमीटर असेल तर सगळे नळ बंद करून तासभर काटा बघा. हलला तर गळती नक्की. गीझरजवळचे सांधे आणि फ्लशची टाकी आधी तपासा. टाकीत खायचा रंग चिमूटभर टाका. फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर आतला वायसर गेलाय.

वरच्या मोरीचा संशय असेल तर शेजाऱ्यांना गोडीत विचारून भरणी चाचणी करायची: त्यांच्या जाळीत बोळा घट्ट बसवून फरशीवर इंचभर रंगीत पाणी २४ तास उभं ठेवायचं. खाली रंग उतरला तर वाद संपतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पुष्कळ इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब फूटभर खाली टाकून त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. त्या भरावात पाणी साठून राहतं. वर दुरुस्ती झाल्यावरही खालची ओल दोन-तीन महिने रेंगाळते, रंगीत पाणीही २४ तासांत खाली पोचेलच असं नाही. तेवढ्यावरून दुरुस्ती फसली किंवा वरचे निर्दोष, असा निकाल देऊ नका.

तळमजला आणि लोणा

बैठ्या चाळी, जुने वाडे, कोकणातल्या चिऱ्याच्या खोल्या. जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं आणि येताना क्षार आणतं. शहरात याला रस्ताही हातभार लावतो: दर डांबरीकरणात तो थोडा उंच होतो आणि जोतं रस्त्याच्या खाली जातं. भाडेकरू म्हणून करण्यासारखं थोडंच आहे. भिंतीला बाहेरून लागून असलेली माती, कचरा, कुंड्या हटवा, पागोळ्यांचं पाणी पायाशी पडत असेल तर पन्हळ किंवा पाइपाने दूर सोडा, आणि पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडून उचला. पाण्याने धुतली तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. हे क्षार हवेतलंही पाणी ओढतात, म्हणून पाया दुरुस्त केल्यावरही जुना गिलावा पावसाळ्यात ओला दिसतो. तो ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत खरवडून नव्याने करावा लागतो. त्यावर ऑइल पेंट, पुट्टी किंवा टाइल्स लावू नका, लावूही देऊ नका. पाणी झाकलं जातं आणि फूटभर वरून बाहेर पडतं. तात्पुरतं काही लावायचंच असेल तर साधा चुना. तो भिंतीला श्वास घेऊ देतो.

बुरशी साफ करताना

एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, पंखा बंद, खिडकी उघडी. कोरडी बुरशी झाडू नका, बीजं खोलीभर उडतात. कोमट पाण्यात कपडे धुण्याची पावडर घालून ओल्या फडक्याने पुसा, फडकं सतत बदला, मग साध्या पाण्याने पुसून पंखा लावून भिंत वाळवा. फरशी-टाइल्सवरचे डाग राहिले तर ब्लीच पाणी घालून वापरता येतं; गिलाव्यावर त्याचा उपयोग वरवरचाच. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर कधीही एकत्र नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर एकट्यानेही कडप्पा, शहाबादी, कोटा आणि संगमरवराला खातं, तेव्हा ओट्यापासून लांब. बुरशी धरलेली कापसाची उशी किंवा फुगलेली प्लायची फळी वाचवण्यात वेळ घालवू नका.

विकत घ्यायचंच तर

कॅल्शियम क्लोराइडचे ओलावा शोषणारे डबे बंद कपाटात चांगले काम करतात, खोलीत नाही. १० बाय १० च्या खोलीतल्या हवेत जुलैत सुमारे ७०० ग्रॅम पाणी वाफ होऊन असतं आणि दाराच्या फटीतून ते सतत भरत राहतं. ६०० मिलीचा डबा भरायला आठवडे लागतात. ऑनलाइन दिसणारी दोन-तीन हजारांची छोटी यंत्रं दिवसाला जेमतेम कपभर पाणी काढतात. खरा डीह्युमिडिफायर कॉम्प्रेसरवाला, दहा हजारांच्या पुढचा. खोक्यावरचा ‘१२ लिटर’ आकडा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचा असतो, प्रत्यक्षात साधारण निम्मं धरा. तो खोली थोडी गरमही करतो. एसी आधीच असेल तर घेऊ नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

- ओल स्विचबोर्ड, प्लग किंवा पंख्याच्या हुकापर्यंत पोचली, किंवा नळाला-भिंतीला हात लावला की झिणझिण्या येतात: त्या लाइनचा एमसीबी (मुख्य बोर्डावरचा खटका) पाडा, भिंतीला हात लावू नका, इलेक्ट्रिशियन येईपर्यंत चालू करू नका.
- छताचा गिलावा फुगलाय, काठीने हलकं ठोकल्यावर पोकळ वाजतो, काँक्रीटचे तुकडे पडतात किंवा गंजलेल्या सळ्या दिसतात: त्याखाली झोपू नका. हे प्लंबरचं काम नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (सोसायटी चालवायच्या नमुना नियमांनुसार) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हायला हवी. शेवटची कधी झाली ते सेक्रेटरींना विचारा.
- बुरशी ३ बाय ३ फुटांपेक्षा जास्त जागेत पसरलीय, किंवा घरात दमेकरी, तान्हं बाळ आहे: स्वतः खरवडू नका. डॉक्टरांना खोलीबद्दल सांगा.
- पाइप भिंतीच्या आत आहे: टाइल फोडण्याचा निर्णय मालकाचा आणि प्लंबरचा. भाडेकरूने छिन्नी उचलायची नाही.

खर्च कोणाचा

सवयी, सफाई, एसीच्या जाळ्या तुमच्या. फ्लॅटमधले पाइप, मोरीची फरशी, खिडकीची फ्रेम मालकाची. बाहेरच्या भिंती, गच्चीतून येणारं पावसाचं पाणी आणि सामाईक पाइप यांची दुरुस्ती आदर्श उपविधींनुसार सोसायटीने स्वखर्चाने करायची असते, पण तिच्याकडे अर्ज मालकाच्या सहीने गेला तरच हलतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम १४ मालकाला जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवायला बांधतं. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने काही केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. मात्र हे कलम कायद्याच्या अर्थाने जो भाडेकरू आहे त्याच्यासाठी आहे. ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला त्याचा आधार धरता येत नाही. तिथे करारातली दुरुस्तीची अट चालते, म्हणून सही करण्याआधी ती वाचा आणि एप्रिलमध्ये खोली बघताना कपाट पुढे ओढून मागची भिंत बघा. ताज्या डिस्टेंपरचा वास येत असेल तर जास्तच.

मालकाला व्हॉट्सअॅपवर तारखांचे फोटो, फॉइलचा निकाल आणि ‘कशाने ओल वाढते’ ही एक ओळ पाठवा, आणि वॉटरप्रूफिंगवाला बोलवायचा की प्लंबर हेही आधीच सांगा, कारण प्रत्येक जण आपापलंच काम सुचवतो. काम फेब्रुवारी ते मेमध्ये उरकलेलं बरं. रंग सगळ्यात शेवटी: फॉइल पुन्हा लावून मागे ४८ तासांत दव धरलं नाही, तरच.